थांबलेली उंची

शलाका कोळेकर बाद झाली तेव्हा घड्याळात सहा मिनिटं दहा सेकंद झाले होते, आणि सांगोल्याच्या मैदानावरच्या प्रेक्षकांना ही वेळ कमी वाटली. मागच्या वर्षी हीच पोर पावणेसात मिनिटं पळाली होती. पूर्वीच्या खो-खोत तीन मिनिटं पळणाऱ्या मुलीचा फोटो वर्तमानपत्रात छापून यायचा, हे आता कुणाला सांगूनही पटत नसे.

मैदान सोडताना शलाकानं तिला बाद करणाऱ्या मुलीशी हात मिळवला. ती मुलगी पाच फूट अकरा इंच उंच होती. तिचे दंड आणि मांड्या भरलेल्या होत्या, आणि खांबाला धरून तिनं झेप टाकली की अर्धं मैदान झाकलं जाई. शलाका तिच्या काखेत मावेल एवढीच, एकशे अडतीस सेंटिमीटर. दोघींचं वय बावीस. पहिल्यांदाच सामना बघायला आलेल्या पाहुण्याला वाटलं असतं, कुणाची तरी थोरली बहीण धाकटीला घरी न्यायला आली आहे. पण असा पाहुणा आता महाराष्ट्रात शोधूनही सापडला नसता. पळती करणारी मुलगी सहावीतल्या पोरीएवढी आणि पाठलाग करणारी दारात न मावणारी, हे सगळ्यांच्या डोळ्यांच्या सवयीचं झालं होतं.

मैदानाच्या कडेला शलाकाचे प्रशिक्षक दामोदर लवटे हाताची घडी घालून उभे होते. मैदानावर ते तिचे सर आणि घरी सख्खे मामा. पोर जवळ आली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "डावा पाय उशिरा का टाकला?"

"टाकला नाही सर, टाकायला लावला तिनं. चांगली आहे ती."

सरांनी मान हलवली. मनातून ते इतके खूश होते की त्यांना बोलायचा धीर होत नव्हता. कौतुक केलं की पोरी सैल पडतात, अशी त्यांची जुनी समजूत. त्या समजुतीपायी त्यांनी किती पोरींना हिरमुसलं करून घरी पाठवलं असेल, याची मोजदाद कोणी ठेवली नव्हती.

हा सगळा प्रकार सुरू झाला तो एका लाटण्यानं. दहा-अकरा वर्षांपूर्वी खो-खो चालवणाऱ्या गतिचक्र मंडळानं नवे नियम आणले. पळती करणारे वेगळे आणि पाठलाग करणारे वेगळे, असे संघाचे दोन भाग झाले. त्या सुमारास सोलापूरच्या अस्थिवाढ केंद्रात प्रशिक्षकांना बोलावलं होतं. तिथल्या डॉ. नसीम तांबोळींनी टेबलावर एक लाटणं आणि एक मुसळ ठेवलं. इतकी मोठी शास्त्रज्ञ बाई स्वयंपाकघरातल्या वस्तू मांडून बसलेली बघून लवटे सरांना हसूच आलं.

"लवटे सर, मुसळ मधोमध धरा आणि मनगटानं गर्रकन फिरवा," त्या म्हणाल्या.

सरांनी फिरवलं. मनगट कळवळलं.

"आता लाटणं."

लाटणं भिंगरीसारखं फिरलं.

"झालं, हेच माझं शास्त्र," डॉक्टर म्हणाल्या. "स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर ठरते. अंगाचं वजन मात्र लांबी, रुंदी, जाडी या तिन्हींवर. माणूस सगळ्या बाजूंनी दुप्पट झाला, तर त्याची ताकद होईल चौपट आणि वजन होईल आठपट. त्यात वळायचं असेल तर नुसतं वजन मोजून भागत नाही. ते अंगाच्या मधल्या रेषेपासून किती लांब आहे, तेही मोजावं लागतं. उंची दहा टक्क्यांनी कमी असली की वळण जवळजवळ वीस टक्क्यांनी चपळ होतं."

"मग व्यायामानं स्नायू वाढवले तर?"

"वाढवा की. सरळ पळायला त्यांचा उपयोग होईल. पण वळताना ते स्नायूही तुमच्याच पोरीला वळवावे लागतील."

सरांना हे एकदम पटलं, कारण त्यांनी तो मार खाल्ला होता. आदल्याच वर्षी त्यांनी पळतीच्या मुलींकडून जिममध्ये ढोरमेहनत करून घेतली होती. पोरी शंभर मीटर पळायला वाऱ्यासारख्या झाल्या आणि खांबाशी वळताना मात्र एकेक करून बाद झाल्या. तेव्हा ते पोरींवर खेकसले होते. दोष पोरींचा नव्हता, हे त्या लाटण्यानं त्यांना सांगितलं.

मग डॉक्टरांनी 'थांबा' दाखवला. शास्त्रीय नाव वाढरोधक, पण ते कागदावरच राहिलं. काडीपेटीतल्या काडीएवढी मऊ नळी, दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसवायची. माणसाच्या लांब हाडांच्या टोकांशी एक मऊ थर असतो, त्याला म्हणायचं वाढपट्टी. तिथल्या पेशी एकीच्या दोन होत जातात आणि हाड लांबतं. पेशींनी किती वेळा दोन व्हायचं, याचा आकडा जणू ठरलेला असतो. तो आकडा संपला की पट्टी पक्की होते आणि उंची थांबते. थांब्यातून पाझरणारं औषध या पट्टीला झोपवून ठेवी. बाकी सगळं वयाप्रमाणे होई, चेहरा मोठा होई, आवाज मोठा होई. हाडं तेवढी वाट बघत.

"आणि नळी काढली की?" सरांनी विचारलं होतं.

"पट्टी जागी होईल आणि उरलेला आकडा पुरा करेल. दीड-दोन वर्षांत मुलगी तिच्या मूळच्या उंचीला पोचेल. तिची उंची जात नाही, सर. थांबते."

हे वाक्य सरांनी बहिणीच्या दारात जसंच्या तसं म्हणून दाखवलं. सिंधूचा नवरा वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन खाली कोकणात असायचा. घरात ती आणि दोन मुली, बारा वर्षांची शलाका आणि सहा वर्षांची जुई. सिंधूनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, बाभळ छाटली तर पुन्यांदा फुटती. पोर फुटंल का?"

"फुटंल की. डॉक्टरीण काय खोटं बोलंल?"

डॉक्टरीण खोटं बोलली नव्हती. पुढं जे झालं त्यातलं सगळ्यात वाईट हेच, की त्यात कुणीच खोटं बोललं नव्हतं.

खो-खोत पळणाऱ्या मुलीला पुढं बघता येत नाही. तिचे डोळे मागच्या मुलीवर असतात. मधल्या पाटीत आठ जणी बसलेल्या, त्यांच्यामधून नागमोडी पळत जायचं, त्याला म्हणायचं साखळी. ती साखळी डोळ्यांत असून उपयोग नाही, पायांत असावी लागते. म्हणून लवटे सरांनी त्यांची स्वतःची पद्धत काढली होती, आंधळी साखळी. मुलीच्या डोळ्यांवर फडकं बांधायचं आणि बसलेल्या आठ जणींमधून तिला पळवायचं. कुणाला गुडघा लागला की परत पहिल्यापासून. रोज सकाळी चाळीस फेऱ्या. महाराष्ट्रात हे दुसरं कुणी करत नव्हतं, आणि महाराष्ट्रात दुसरं कुणी सलग सात वर्षं जिंकतही नव्हतं.

मात्र या फेऱ्या पहिल्या नऊ जणींनाच. राखीव मुली पाटीत बसून राहायच्या, कारण बसायला कुणीतरी हवंच. त्या बिचाऱ्या खाली मान घालून बसायच्या आणि वाऱ्यासारख्या निघून जाणाऱ्या नऊ जणींचा हेवा करायच्या.

शलाका त्या नऊ जणींतली पहिली. दहा वर्षांत तिनं डोळे बांधून लाखाच्या वर फेऱ्या मारल्या असतील. शेवटी शेवटी तिच्या अंगाला प्रत्येक मुलीच्या खांद्याची जागा बोटभरही न चुकता ठाऊक असायची. आपलं अंग कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, हे जितकं तिला कळत होतं, तितकं फार थोड्या माणसांना कळतं.

बावीस पूर्ण झाली की थांबा काढायचा, असा मंडळाचा नियम. त्याला मोकळीक म्हणत. शलाकाच्या मोकळिकीच्या दिवशी सिंधूनं पुरणपोळी केली होती. शलाकानं पुढचं सगळं ठरवून ठेवलं होतं. तिला वनरक्षक व्हायचं होतं. लहानपणी बापाच्या मेंढरांमागं ती रानोमाळ हिंडलेली, रान तिला आवडायचं. वनरक्षकाला उंची लागते एकशे पन्नास, म्हणून दहा वर्षं ती गप्प बसली होती.

"मामा, आता थोडी माझ्यासाठी पण पळते," ती म्हणाली. सरांनी ताटातली दुसरी पोळी उगाच मोडून ठेवली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. सहा महिन्यांत शलाका नऊ सेंटिमीटर वाढली, वर्षभरात सतरा. सिंधू तिला दर रविवारी दाराच्या चौकटीशी उभी करून टेप लावायची आणि शेजारपाजारच्या बायकांना बोलावून दाखवायची.

पहिल्या काही महिन्यांत शलाका अडखळू लागली, तेव्हा घरात हसणं व्हायचं. वयात येणारी पोरं धडपडतातच, तसं हिचं उशिरा चाललंय, असं सगळे म्हणाले. तवा चुलीवर असताना भाकरी उलटायला गेली की तिची बोटं भाकरीच्या आधी तव्याला टेकायची. चहाचा कप उचलायला हात केला की कप पडायचा, कारण हात तिला वाटला त्याच्या आधीच पोचलेला असायचा. दाराच्या चौकटीवर खांदा, उंबऱ्यावर अंगठा, पायरीवर घोटा. चमचा तोंडाकडं नेताना दातांवर आपटायचा. वर्ष झालं तेव्हा घरात कुणी हसेनासं झालं.

वनरक्षकाच्या भरतीला सर तिच्याबरोबर गेले होते. उंचीच्या खांबाशी ती उभी राहिली आणि शिपायानं ओरडून सांगितलं, एकशे सत्तावन्न. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते सरांनी कधी विजयाच्या करंडकाबरोबरही पाहिलं नव्हतं. मग चालण्याची चाचणी होती. सोळा किलोमीटर, पळायचं नाही, नुसतं चालायचं. ज्या पोरीच्या मागं अख्खा महाराष्ट्र पळून दमला होता, ती तिसऱ्या किलोमीटरपर्यंत चौदा वेळा पडली. शेवटी ती रस्त्याकडेला बसून राहिली आणि सर तिच्या शेजारी जाऊन बसले. ढोपरं फुटली होती.

"मामा, हे पाय कुणाचे आहेत?" तिनं विचारलं. ती रडत नव्हती, खरंच विचारत होती.

त्यानंतर लवटे सर मोकळीक मिळालेल्या त्यांच्या बाकीच्या मुलींच्या घरी जाऊन आले. एकूण अकरा जणी. आटपाडीची स्वप्नाली राखीव होती. ती उंच, देखणी झाली होती, स्कूटरवरून शाळेत शिकवायला जात होती. तिचं झकास चाललं होतं. तिचा फोटो मंडळाच्या माहितीपत्रकावर छापलेला होता. दुसऱ्या चार राखीव मुलीही ठणठणीत होत्या. पण पहिल्या नऊ जणींतली मंगळवेढ्याची रोहिणी घराबाहेर पडत नव्हती. तिच्या सासरच्यांनी तिला लेकराला उचलू द्यायचं बंद केलं होतं. जतची तेजा भिंतीला धरून चालत होती. पहिल्या नऊत खेळलेल्या सहाच्या सहा जणींचं हेच होतं. जी जितकी चांगली पळायची, तिचं तितकं वाईट झालं होतं.

सरांना हे गणित सुटेना. ते शलाकाला घेऊन डॉ. तांबोळींकडे गेले.

डॉक्टर आता बऱ्याच थकल्या होत्या. त्यांनी शलाकाला भिंतीशी तोंड करून उभं केलं, हातात खडू दिला आणि डोळे मिटायला सांगितले. "तुझ्या डोक्याचा माथा कुठवर येतो, तिथं भिंतीवर रेघ मार."

शलाकानं पटकन, जराही न चाचपडता रेघ मारली. डॉक्टरांनी टेप लावला. जमिनीपासून एकशे अडतीस.

शलाकानं डोळे उघडले आणि बघितलं. रेघ तिच्या हनुवटीपाशी होती.

"माणसाच्या मेंदूत त्याच्या अंगाचा एक नकाशा असतो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "हात केवढा, पाय केवढा, निरोप पावलापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, सगळं त्यात असतं. म्हणून अंधारातही आपला घास तोंडातच जातो. मुलं वाढत असतात तेव्हा हा नकाशा कच्चा असतो, अंगाबरोबर रोज थोडा बदलतो. विशीच्या आसपास तो पक्का होत जातो. आम्ही हाडं थांबवली, सर. मेंदू थांबवला नाही. तो त्याच्या वेळेला पक्का झाला, समोर होतं तेवढ्या अंगावर."

"मग राखीव पोरींचा का नाही झाला?"

"झाला असणार. पण थोडा सैल राहिला. अजून शिकू शकतो." त्या म्हणाल्या. "हा नकाशा वापरानं घट्ट होतो. त्यातही डोळ्यांची मदत न घेता वापरला तर फारच. तुम्ही सराव कसा घेता?"

लवटे सरांनी सांगायला सुरुवात केली. फडकं, आठ जणी, चाळीस फेऱ्या. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला. आयुष्यात ज्या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, ती ते स्वतःच्या तोंडानं कबुलीजबाबासारखी सांगत होते.

"यावर उपाय?" शेवटी सरांनी विचारलं.

"डोळ्यांनी बघून, हळू चालता येईल तिला. प्रत्येक पाऊल विचार करून टाकावं लागेल. एवढंच."

"पुन्हा थांबा बसवला तर?"

"आहे तिथं थांबेल. मागं कसं नेणार?"

शलाका इतका वेळ भिंतीवरच्या रेघेकडे बघत होती. "मी आत अजून तेवढीच आहे तर," ती म्हणाली. "मला वाटलं मला वेड लागलंय." तिला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं, आणि ते बघणं सरांना फार जड गेलं.

निघताना सरांनी जुईचं विचारलं. जुई आता सतराची होती, एकशे छत्तीस सेंटिमीटर. पाच वर्षं थांबा आणि पाच वर्षं आंधळी साखळी. बहिणीच्या जागी आता तीच पहिल्या क्रमांकाला होती.

"आज काढला तर?"

"सतरा म्हणजे मधलं वय," डॉक्टर म्हणाल्या. "निम्मी शक्यता धरा. जितकी वाट बघाल तितकी कमी."

दुसऱ्या दिवसापासून लवटे सरांनी आंधळी साखळी बंद केली. डॉक्टरांनी शलाकासह बारा मुलींचा अहवाल लिहिला, त्यावर दोघांनी नावं घातली आणि तो गतिचक्र मंडळाकडे धाडला. थांबा सोळाव्या वर्षी काढावा, नाहीतर मुळात बसवूच नये, असं त्यांनी त्यात स्पष्ट म्हटलं होतं. सरांना वाटलं, आपली जन्मभराची अब्रू गेली तरी चालेल, निदान पुढच्या पोरी सुटतील. इतक्या वर्षांत मंडळाला न ओळखल्याचा हा पुरावाच म्हणायचा.

तीन महिन्यांनी मंडळाचं पत्र आलं. अहवालाबद्दल दोघांचे मनापासून आभार मानले होते. धोका मोकळिकीत आहे हे अहवालानं निःसंशय सिद्ध केलं, असं मंडळाचं मत होतं. तेव्हा खेळाडूंच्या हितासाठी सक्तीची मोकळीक रद्द करण्यात येत होती. यापुढं थांबा आजन्म ठेवता येईल आणि दर पाच वर्षांनी नवा बसवून मिळेल. एकदा मोकळीकच नाही म्हटल्यावर नकाशा घट्ट होण्यात अपाय उरत नाही, उलट फायदाच आहे. म्हणून आंधळी साखळी सर्व संघांना लागू करावी आणि तिला लवटे पद्धत असं नाव द्यावं, असाही ठराव झाला होता. पहिलं शिबिर घ्यायला सरांनी यावं, ही विनंती होती.

पत्रासोबत आजन्म थांब्याचा संमतीपत्राचा नमुना जोडला होता. खेळाडू अठराच्या आतली असेल, तर पालकांबरोबर प्रशिक्षकाचीही सही लागणार होती. मंडळानं तो नमुना सगळ्या पालकांनाही पाठवला होता.

त्या रविवारी दुपारी सिंधूनं भावाला बोलावून घेतलं. सर घरात शिरले तेव्हा संमतीपत्र सतरंजीवर होतं आणि त्यावर सिंधूची सही झालेली होती. शलाका भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसली होती. ते पाय दुसऱ्या कुणीतरी तिथं विसरून गेल्यासारखे ती त्यांच्याकडे बघत होती. जुई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"सिंधू, मी जुईचा थांबा काढायचं म्हणायला आलोय," सर म्हणाले. "आज काढू. डॉक्टरीण म्हणली, निम्मी शक्यता हाय. आज हाय ती उद्या ऱ्हाणार न्हाय."

"निम्मी," सिंधू म्हणाली. "म्हंजी निम्मी न्हाय पण."

"अगं, पण कायमचं. जन्मभर तिला वाढू द्यायचं न्हाय?"

"वाढवल्याली एक हाय की घरात," सिंधू म्हणाली. तिनं शलाकाकडे बघितलं नाही.

आधाराला म्हणून सर शलाकाकडे वळले. निदान ती तरी आपल्या बाजूनं बोलेल असं त्यांना वाटलं, कारण या घरात काय गमावलं जातं हे तिच्याएवढं कुणाला माहीत होतं?

"मामा, मी लहान होते तेव्हा माझं काय अडलं होतं?" शलाका म्हणाली. "फळीवरचा डबा काढायला स्टूल घ्यायचे. बस्स. उंची त्या भरतीवाल्यांच्या टेपला हवी होती, मला नव्हती."

"लहान असण्यात काही वाईट न्हाय गं. पण ती उंची तुझी नव्हती. माझ्या खेळानं ठरवली होती."

"असेल. पण त्या अंगात मी होते. ह्यात नाही." तिनं मांडीवर हात आपटला, आणि तो तिला वाटलं त्याच्या खाली, गुडघ्यावर लागला. "जुईला तिचं अंग राहू दे. सही करा."

सरांनी जुईला जवळ बोलावलं. ती आली ती सतरंजीवरचे कप, सुपारीचा डबा, शलाकाचे पाय यांमधून, कुठंही न बघता आणि कशालाही न लागता. त्या तेवढ्या चार पावलांत इतकं सौंदर्य होतं की सरांचा जीव कासावीस झाला.

"तुला काय वाटतं, जुई? तुझं तू सांग. तुला तर उंच व्हायचं होतं. ताईपेक्षा उंच होणार म्हणायचीस."

"ते लहानपणचं होतं, मामा."

"आणि आता?"

"आता मला पडायचं नाही." ती म्हणाली. "तुम्ही सकाळी फडकं बांधायचं बंद केलंय, तेही परत सुरू करा. मला हळूहळू विसरल्यासारखं होतंय. भीती वाटते."

सरांनी कागद हातात घेतला. सही केली नाही, तर थांबा आहे तसाच राहणार, आणि वर्षभरात अठरा पूर्ण झाली की मुलगी तो स्वतःच कायमचा करून घेणार. काढून टाका म्हणावं, तर आई नको म्हणतेय, बहीण नको म्हणतेय आणि पोर स्वतः नको म्हणतेय. त्यांना नको म्हणायला कुणी शिकवलं, हे विचारायची सोय सरांनाच नव्हती. डॉक्टरांचा अहवाल खरा होता, मंडळाचा ठराव त्या अहवालाला धरूनच होता, आणि समोर बसलेल्या तिन्ही बायका जे बोलत होत्या त्यात शब्दाचीही चूक नव्हती. कुठंतरी एखादं खोटं असतं तर त्याला धरून भांडता आलं असतं.

"दादा, पेन हाय का तुझ्याकडं?" सिंधूनं विचारलं.

होतं. त्यांनी खिशातून काढलं आणि जुईच्या नावाखाली सही केली. सिंधूनं कागद घेतला, नीट घडी घातली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. शलाकानं डोळे मिटून डोकं भिंतीला टेकलं. जुई म्हणाली, "मग उद्या सहाला येते, सर," आणि चपला घालून अंगणात पळाली.

आपली अजून एक पोर अशी पडताना आता बघावी लागणार नाही, असं दामोदर सरांच्या मनात आलं. त्यांनाही हायसं वाटलं, अगदी बहिणीइतकंच, आणि ते वाटलं म्हणून त्यांना स्वतःची फार भीती वाटली.